तबकडीमागच्या रेघा

मला स्वस्थ बसता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, या खोडीने माझं बरंच नुकसान झालंय. लहानपणी कुणाकडे गेलं आणि टेबलावर पेन दिसलं की मी ते उघडणार, आतली स्प्रिंग बाहेर काढणार आणि परत बसवताना ती पलंगाखाली उडवणार, हे ठरलेलं. आई म्हणायची, या पोरीच्या हातांना नुसत्या मुंग्या. लग्नानंतर त्या मुंग्या नवऱ्याच्या वाट्याला आल्या. तो शांत माणूस आहे. मिक्सर बंद पडला की तो लपवून ठेवतो आणि मी लॅबला गेले की दुकानात नेऊन देतो.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते. सुरुवातीला तिथे हाताला काम होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. मग मशीन आलं. पांढरा, बंद डबा. एका बाजूने नळी आत घालायची, दुसऱ्या बाजूने कागद बाहेर येतो. मध्ये काय होतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि झाकणाला हात लावला तर कंपनीचा माणूस फोनवरून ओरडतो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली त्या वर्षी माझे हात इतके रिकामे झाले की मी संध्याकाळी घरातले बिजागऱ्यांचे स्क्रू पिळत बसायची.

त्याच सुमारास एका कबाड्याकडे रद्दी घालताना त्याच्या तराजूशेजारी एक मेलेलं गजराचं घड्याळ दिसलं. रद्दीच्या बदल्यात तेच मागून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर उघडलं. आत काय चाललंय ते सगळं दिसत होतं. हे चाक त्या चाकाला ढकलतंय, ते पुढच्याला, आणि या सगळ्यांचा जोर एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीतून येतोय. मी खूश होऊन त्या पट्टीला, म्हणजे कमानीला, हात लावला. ती सुटली आणि डाव्या अंगठ्याला इतकी खोल कापून गेली की टाके पडले. त्या रात्री नवऱ्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या आठवड्यात मी दुसरं घड्याळ आणलं.

आता घरात अकरा आहेत. भिंतीवरची, कपाटावरची, एक तर संडासाच्या दारावर. सगळी जुनी, सगळी किल्लीची, आणि एकाचंही दुसऱ्याशी जमत नाही. आमच्याकडे दुपारचे बारा वाजायला सात-आठ मिनिटं लागतात. एक सुरू करतं, ते संपायच्या आत दुसरं, मग जरा शांतता, आणि पाहुणा बोलायला तोंड उघडतो तोच तिसरं. नवरा म्हणतो, "अकरा घड्याळं घरात, आणि बाई रोज लॅबला लेट."

शिकवलं मला पाटणकर बाजारातल्या एका म्हाताऱ्या घडीसाजाने, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने. जिन्याखालची त्याची टपरी एवढीशी की गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं राहावं लागतं. त्याने मला शिष्य वगैरे केलं नाही. मी जाऊन उभी राहायची आणि तो हाकलायचा नाही, इतकंच. माझ्याबद्दल त्याची एकच तक्रार होती. "मैडम, आपके हाथ आँख से आगे चलते हैं," तो म्हणायचा. "खोलने से पहले देख लिया कीजिए. फिर एक बार और देख लीजिए." मला ते ऐकून राग यायचा. तेवीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेल्या बाईला हा बघायला शिकवणार!

आमचं दुसरं भांडण पितळेवरून. घड्याळाचं सगळं यंत्र दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये बसवलेलं असतं, आणि जुन्या घड्याळात हे पत्रे तेलाने, धुळीने काळे पडलेले असतात. घडीसाज ते काळेच ठेवायचा. आसांची भोकं साफ करायची, थेंबभर तेल द्यायचं, बास. मला हे बघवायचं नाही. आमचे पूर्वज दख्खनमधून ग्वाल्हेरला येताना आणखी काय घेऊन आले मला ठाऊक नाही, पण पितळेची भांडी आणि ती घासायची हौस नक्की घेऊन आले. सणाच्या आधी समई, तबक, तांब्या, घंटा, सगळं चिंचेने घासून लखलखीत झालं नाही तर आईला सण आल्यासारखा वाटायचा नाही. तेच माझ्या हातात उतरलंय. काळं पितळ दिसलं की मला चैन पडत नाही. मी रॉकेलमध्ये धुऊन, चिंच लावून, वर अगदी बारीक पॉलिश पेपर मारून पत्रे असे करायची की त्यात तोंड दिसावं. घडीसाज बघायचा आणि म्हणायचा, "चमक किसे दिखाएँगी? ऊपर तो डायल लगेगा." खरंच, वर तबकडी बसते आणि चमक कुणालाच दिसत नाही. पण मला माहीत असायची ना.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच दोन खोडींनी केलं.

खासगी बाजारात आईची एक मैत्रीण राहते. मी तिला काकू म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. काका गेल्या वर्षीच्या श्रावणात गेले. त्यानंतरचं वर्ष घरात सण नव्हते, रिवाजच आहे तसा. आता हा पहिला दसरा येत होता, आणि काकूंनी मला बोलावलं.

भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं, आठ दिवसांना किल्ली द्यायचं. लहानपणापासून मी ते बघत आले होते. ते बंद होतं.

"घडी बंद पडून राहिलीय, बेटा," काकू म्हणाल्या. "दसऱ्याच्या आधी बनवून देशील? पूजेत मांडायची आहे."

या घड्याळाची पूजा का होते ते मला ठाऊक होतं, आमच्या लोकांत तो थट्टेचा विषयच होता. काकांचं घराणं शिपाईगड्यांचं. दसऱ्याला घरातली शस्त्रं पुजायची पद्धत. पण भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तलवार थोरल्याकडे गेली आणि धाकट्याच्या, म्हणजे काकांच्या, वाट्याला हे घड्याळ आलं. मग काका दसऱ्याला चौरंगावर घड्याळच मांडायचे. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नैवेद्य, सगळं त्याला. कुणी हसलं तर म्हणायचे, तलवारीने आता कोण मरतंय, सगळे वेळेनेच मरतात.

मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. हात आधीच शिवशिवत होते. वजन चांगलं होतं, आत किल्ली फिरवली तर कमान शाबूत होती, म्हणजे फक्त तेल सुकलेलं. चार दिवसांचं काम.

"अगं, थांब जरा," काकू म्हणाल्या. "आत ना, तबकडीच्या मागे, एक गोष्ट..."

"काकू, मला सगळं कळतं," मी म्हटलं. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. असं करून देते की ओळखणार नाही."

आणि मी निघाले. रिक्षा बाहेर थांबवली होती ना.

रविवारी सकाळी टेबल मोकळं करून घड्याळ उघडलं. तबकडीचे चार स्क्रू काढले. मागचा पत्रा अगदी काळा, आणि त्याच्या डाव्या अंगाला खरवडल्यासारखं काहीतरी. बारीक बारीक ओरखडे, शेजारी शेजारी. मला आठवतंय, मी मोठ्याने म्हटलं, "कोण गाढव हात मारून गेलाय याच्यावर!" कुणा अडाणी कारागिराचा स्क्रू-ड्रायव्हर घसरला असणार, असं मी गृहीत धरलं. सवयीप्रमाणे खोलायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढला, तोही टोल्यांची तरफ नीट लक्षात राहावी म्हणून. मग सगळं सुटं केलं, रॉकेलमध्ये टाकलं, आणि तो पत्रा घासायला घेतला. ओरखडे चिंचेने जाईनात. मग पॉलिश पेपर घेतला. पाऊण तास घासला. तळहात भाजायला लागला तेव्हा थांबले. पत्रा सोन्यासारखा झाला होता, वर एक रेघ नव्हती. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. तो म्हणाला, वा.

बुधवारी काकूंचा फोन आला. मी लॅबमध्ये होते.

"काय गं, उघडलीस ना घडी? रेघा मोजल्यास का?"

"कुठल्या रेघा, काकू?"

"अगं, तेच तर तुला सांगत होते. पत्र्यावर ह्यांनी काढलेल्या. मला दिसत नाही ना आता, म्हणून तुला म्हटलं असतं, तूच मोज. किती भरतात सांग."

माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. ती मी स्टँडमध्ये ठेवली, मग काढली, मग परत ठेवली. "सांगते, काकू," मी म्हटलं. "अजून त्या बाजूला आले नाही मी."

संध्याकाळी लॅबमधून मी घरी गेलेच नाही, सरळ खासगी बाजारात गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं. चुकलं, पुसलं गेलं, माफ करा. वाटेत दोनदा मनातल्या मनात म्हणूनही बघितलं. दारात चपला काढताना पहिला शब्द तोंडात तयार होता. पण काकूंनी चहा टाकला होता, आणि त्या आधी बोलायला लागल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला काकांनी घड्याळ उघडलं, तेल दिलं, आणि दाभण घेऊन पत्र्यावर एक रेघ ओढली. काकूंना बोलावून दाखवली. म्हणाले, आपलं एक वर्ष. दुसऱ्या दसऱ्याला दुसरी. दर वर्षी सकाळी आंघोळ झाली की तबकडी काढायची, तेल, रेघ, तबकडी लावायची, मग पूजा. सुरुवातीची काही वर्षं काकू शेजारी उभ्या राहून बघायच्या.

"मग नवव्या वर्षी हे घर सोडून गेले," काकू म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. हे मला नवीन होतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं.

"भांडण कशावरून झालं ते सांगायचीही लाज वाटते. कुलरवरून. घरात पहिला कुलर आला, तो आमच्या खोलीत लावायचा की सासूबाईंच्या. तुला आपल्याकडची गर्मी माहीत आहे. मी काहीतरी बोलले, ते काहीतरी बोलले. मग कुलर राहिला बाजूला आणि नऊ वर्षांचं सगळं निघालं. त्यांनी भोपाळला बदली मागून घेतली. अकरा महिने आले नाहीत. चिठ्ठी सासूबाईंना यायची, मला नाही. तो दसरा तसाच गेला. पुढच्या वर्षी एक दिवस संध्याकाळी बॅग घेऊन आले, पाय धुतले, जेवायला बसले. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही."

"आणि घड्याळ?"

"दसऱ्याला उघडलं ना. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर यायची हिंमत झाली नाही. आता सांग, त्या दिवशी त्यांनी एक रेघ काढली असेल की दोन? ते वर्ष धरलं असेल की सोडलं? चौतीस वर्षं रोज मनात यायचं, आज विचारीन. तबकडीच तर होती वर, कधीही काढून बघता आली असती. नाही बघितली. भीती वाटायची, बेटा. आणि आता बघायला गेले तर डोळे नाहीत." त्यांनी बोटं मोजली. "त्रेचाळीस दसरे झाले आमचे. त्रेचाळीस रेघा असल्या तर त्यांनी ते वर्ष धरलं. बेचाळीस असल्या तर... असू दे, तू मोज. जे असेल ते खरं सांग."

आता मला सांगा, यानंतर मी काय बोलणार होते? मी चहा संपवला. बशीतली बिस्किटंही खाल्ली, कारण हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं. आणि "मोजते" म्हणून निघून आले.

घरी येऊन तो फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला. काळा पत्रा, मधोमध टोल्यांची तरफ, आणि डाव्या कडेला रेघा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सरळ, बारीक, नीट अंतर राखून ओढलेल्या. सातवीपासून फ्लॅशचा पांढरा झोत. त्यापुढे काही नाही. नवव्या रेघेच्या जागी नुसता उजेड होता.

मग मी जे केलं त्याचं समर्थन नाही, पण सांगायचं ठरवलंय तर सांगते. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जा आणि खरं सांग, म्हणून त्याला सांगितलं नाही. दोन दिवस लॅबमध्ये माझं लक्ष नव्हतं, एका माणसाच्या नावाचं लेबल दुसऱ्याच्या नळीवर चिकटवता चिकटवता वाचले. घरी घड्याळांची टिकटिक सहन होईना. मी एकेकाचा लंबक हाताने थांबवत गेले. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आज घर इतकं चूप का?" मी त्याच्यावर खेकसले.

शुक्रवारी लॅबमधून अर्धी सुट्टी घेतली. पत्र्यावर खूण करायची माझ्याकडे एक पोलादी सुई आहे. ती काढली, स्टीलची पट्टी घेतली, आणि फोटोतल्या सहा रेघांचं माप घेऊन त्याच जागी, त्याच लांबीच्या रेघा ओढायला सुरुवात केली. सहापर्यंत निदान नक्कल तरी होती. सातवी, आठवी. नवव्या जागी थांबले. ओढायची की गाळायची, हे त्या दिवशी माझ्या हातात होतं आणि ते किती भयंकर आहे हे कळत असूनही मी फार वेळ थांबले नाही. ओढली. मला वाटलं, त्या माउलीला बरं वाटेल. शिवाय थांबणं मला जमतच नाही. त्रेचाळीस पूर्ण केल्या. मग जुनाट दिसावं म्हणून निरांजनाची काजळी तेलात कालवून पत्र्याला फासली. जन्मात पहिल्यांदा मी पितळ काळं करत होते. दुरून बघितलं तर चांगलं जमलं होतं. मला त्याचा आनंदही झाला, हे सांगायची जास्त लाज वाटते.

दसऱ्याच्या सकाळी घड्याळ घेऊन गेले. काकूंनी चौरंग मांडला होता, रांगोळी काढली होती, ती जरा वाकडी आली होती. हार तयार होता. घड्याळ भिंतीला टेकवून ठेवलं, लंबक हलवला, चालू झालं. आवाज ऐकून काकूंनी डोळे मिटले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस," मी म्हटलं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तबकडी काढ."

"काकू, आता पूजा..."

"काढ. मला हात लावून बघू दे."

मी स्क्रू काढले. एक हातातून निसटला, तो चौरंगाखाली शोधावा लागला. तबकडी बाजूला झाली. आतलं यंत्र चालतच होतं. काकू जवळ सरकल्या, डावा हात चौकटीवर टेकला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख पत्र्यावरून हळूहळू फिरवायला लागल्या. एकेका रेघेवर नख अडकायचं आणि सुटायचं. ओठ हलत होते. वीस. तीस. पस्तिसाच्या पुढे त्यांचा हात मंदावला. शेवटच्या रेघेपर्यंत गेल्या, परत मागे आल्या, परत पुढे गेल्या.

"या ह्यांच्या नाहीत," काकू म्हणाल्या.

मी हातातले चार स्क्रू मोजायला लागले.

"शेवटची सात-आठ वर्षं ह्यांचा हात थरथरायचा. चहाचा कप मी अर्धाच भरायची. इथे सगळ्या एकसारख्या आहेत. पट्टी लावून काढल्यासारख्या." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. दिसत नसलेल्या डोळ्यांनी कुणी असं बघितलं की लपायला जागा राहत नाही. "काय केलंस तू?"

मी सगळं सांगितलं. चिंच, पॉलिश पेपर, फोटो, पट्टी, काजळी. सांगता सांगता रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"ही काय समई होती, घासायला?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्रेचाळीस वर्षांत त्या माणसाने मला धड एक पत्र नाही लिहिलं. जे काही लिहिलं ते इथे होतं. मी तुला थांब म्हटलं होतं ना? दोन मिनिटं थांबली असतीस तर काय झालं असतं?"

रिक्षा थांबली होती, एवढंच.

काकू उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला, मग काहीच नाही. मला वाटलं, आता निघून जावं. पायसुद्धा उचलले. पण यंत्र उघडं टाकून जाता येईना. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले, किती वेळ ते कळलं नाही. समोर घड्याळ होतं तरी.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं. माझ्याशेजारी खाली बसल्या, गुडघ्यांना धरत.

"तू ते वर्ष का धरलंस?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"मला बरं वाटावं म्हणून ह्यांनी कधी काही केलं नाही, तू कशाला करतेस?" असं म्हणून त्या हसल्या, आणि तेवढ्यात हसणं मोडलं. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "त्या अकरा महिन्यांत घडी एक दिवस बंद पडली नव्हती, माहितेय? दर रविवारी किल्ली मी देत होते. सासूबाई म्हणायच्या, राहू दे बंद, तोच नाही तर कुणाला वेळ बघायचीय. मी देत राहिले. दसऱ्याला चौरंगावरही मीच मांडली. आणि चौतीस वर्षं डोकं खपवलं की ह्यांनी रेघ काढली की नाही. घडी माझ्या घरात, दाभण माझ्या शिलाई मशीनच्या खणात." त्यांनी पदर सोडला. "मला एकदाही सुचलं नाही की रेघ मलाही काढता येते."

घड्याळाचा लंबक चालला होता. मी नाक पुसलं.

"मशीनच्या वरच्या खणात दाभण आहे," काकू म्हणाल्या. "आण. आणि मला नववी कुठली ते दाखव."

मी दाभण आणली. त्यांचं बोट धरून नवव्या रेघेवर ठेवलं. त्यांनी दाभणीचं टोक तिथे टेकवलं, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, आणि जोर देऊन खाली ओढलं. पितळेवर करकर आवाज झाला. रेघ माझ्या रेघेवरून सुरू झाली, मग डावीकडे घसरली, आठवीला छेदून खाली लांब गेली. वाकडी, खोल, दातेरी. मला ती धरून सरळ करावीशी वाटली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

काकूंनी नखाने चाचपून बघितली. "झाली?"

"झाली."

"आता बाकीच्या पुसून टाक," त्या म्हणाल्या. "सगळ्या. तुला येतं ना चांगलं. फक्त ही सोड."

माझ्या पिशवीत पॉलिश पेपर असतोच. मी त्याचा नखाएवढा तुकडा फाडला आणि कडेच्या रेघेपासून सुरुवात केली. आधी जे पाऊण तासात उरकलं होतं त्याला त्या दिवशी दुपार झाली. नैवेद्य थंड झाला, हार तसाच तबकात पडून होता, बाहेरून कुणीतरी दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला आलं आणि काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मी घासत होते. काकू शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेपर त्या वाकड्या रेघेच्या जवळ पोचला की आवाजावरून त्यांना कळायचं कसं कोण जाणे, त्या दर वेळी विचारायच्या.

"आहे ना?"

मी हात उचलून, वाकून बघायची. मग परत एकदा बघायची.

"आहे, काकू."